मोठ्या सरकारी इमारतीची पाठ कोणाकडे?

उंबरठा

गेले काही महिने एका आराखड्यावर माझं डोकं खर्ची पडतंय. दीडशे-दोनशे वर्षांची घरं असलेली वस्ती, आणि तिला अगदी खेटून सरकारी कार्यालयांचं संकुल. गाव कुठलं, खातं कुठलं, हे लिहीत नाही. नावं बदलली तरी नकाशा फारसा बदलत नाही असं आता वाटायला लागलंय.

परवाच्या बैठकीत अडीच तास उंचीवर गेले. सात मजले की पाच, वरचे दोन मागे सरकवायचे की नाही, दर्शनी भागाला दगड की वीट. उठता उठता मी विचारलं, जनित्र कुठे बसणार? सामानाच्या गाड्या कुठून येणार? वातानुकूलनाची यंत्रं? कचरा? सगळ्यांची बोटं नकाशाच्या एकाच कडेवर गेली. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मागील बाजू'. त्या मागील बाजूच्या समोर बावीस घरांचे पुढचे दरवाजे आहेत.

उंचीचं महत्त्व मला कळतं. कार्यालयाचा एक मजला साधारण चार मीटरचा आणि घराचा तीनचा, म्हणजे 'चारच मजले' म्हणून जे मंजूर होतं ते शेजारच्या घरांच्या हिशेबात सव्वापाच मजले असतं. पण उंचीवर निदान नियम असतो, वाद होतो, कोणीतरी सावलीचा नकाशा मागतं. आडव्या लांबीबद्दल कोणी ब्र काढत नाही. जुन्या गल्लीतलं घर पाच-सहा मीटर रुंद. शंभर मीटर चाललं की सोळा ते वीस दरवाजे, तेवढ्याच पायऱ्या, तेवढ्याच खिडक्या. डेन्मार्कचे वास्तुविशारद यान गेल यांनी रस्त्यांची प्रतवारी केली आहे, त्यात शंभर मीटरला १५ ते २० दरवाजे असतील तर तो रस्ता सगळ्यात वरच्या वर्गात आणि दोनपर्यंत असतील तर तळाच्या. ताशी पाच किलोमीटरने चालणारा माणूस पाच सेकंदांत सात मीटर जातो. जुन्या घरांच्या रुंदीचा आणि पावलांचा हा मेळ कोणी ठरवून घातलेला नाही, पण तो आहे. त्याच गल्लीच्या दुसऱ्या अंगाला आम्ही एकशेदहा मीटरची भिंत उभी करणार, तिला एक लोखंडी फाटक आणि आपत्कालीन जिन्याची दोन दारं. ती दारं आतूनच उघडतात.

अशा वेळी वॉशिंग्टनचा लाफायेट चौक हमखास आठवतो. व्हाइट हाउसच्या समोरचा. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिथली एकोणिसाव्या शतकातली घरं पाडून मोठी कार्यालयं बांधायचा बेत होता. १९६२ मध्ये जॅकलिन केनेडी मध्ये पडल्या आणि वास्तुविशारद जॉन कार्ल वॉर्नेकी यांच्याकडे काम गेलं. त्यांनी घरं चौकाच्या कडेला तशीच ठेवली आणि दोन्ही अंगांना घरांच्या मागे लाल विटांच्या मोठ्या इमारती उभ्या केल्या, एकीत कार्यकारी कार्यालयं, दुसरीत न्यायालय. चौकातून बघितलं तर आधी घरं दिसतात, मग त्यांच्या डोक्यावरून विटांची भिंत. विटा उगाच निवडलेल्या नाहीत, ती मुद्दाम मागे राहणारी पार्श्वभूमी आहे.

मला ते उदाहरण आवडतं. पण आमच्या जागेला लावायला गेले तर अडकतं. तिथे मोठी इमारत घरांच्या पाठीशी आहे, इथे ती घरांच्या तोंडासमोर येणार. तुमच्यापैकी कोणी अशी रचना केली असेल, तिच्यात काम केलं असेल किंवा तिच्या शेजारी राहिलं असेल तर लिहा. शेजारी राहिलेल्यांनी तर नक्कीच.

तिरकस

ब्रसेल्सला जाऊन या. तिथे जोसेफ पूलार्ट नावाच्या गृहस्थांनी १८६६ ते १८८३ या काळात न्यायमंदिर बांधलं. जागा किती खाल्ली, तर रोमच्या सेंट पीटर्सपेक्षाही जास्त. टेकडीच्या काठावर ही इमारत आणि तिच्या खाली मारोल ही कष्टकऱ्यांची वस्ती. वस्तीचा एक तुकडा इमारतीसाठी पाडला. लोकांनी मोर्चे काढले असतील नसतील, पण त्यांनी सूड उगवला तो भाषेत. त्या वस्तीच्या बोलीत 'वाकडा वास्तुविशारद' ही शिवी झाली, आणि ती अजून जिवंत आहे.

पुढची मजा ऐका. १९८०च्या दशकात इमारतीला दुरुस्तीसाठी परांची बांधली. ती इतकी वर्षं राहिली की परांचीचीच दुरुस्ती काढायची वेळ आली. उंबरठाताई, तुमच्या देखभालीच्या अंदाजपत्रकात परांचीची परांची धरली आहे ना?

उंबरठा

@तिरकस, हसू आलं आणि पोटात गोळाही. पण त्या गोष्टीला एक शेपूट आहे. वरच्या चौकातून खालच्या मारोलमध्ये उतरायला २००२ मध्ये काचेची उद्वाहनं बसवली, कोणालाही फुकट. न्यायमंदिर उभं राहून एकशेएकोणीस वर्षं झाल्यावर वस्तीला वर यायची धड वाट मिळाली.

गवाक्ष

लाफायेट चौकाचं कौतुक मी विद्यार्थी असल्यापासून ऐकतोय, म्हणून थोडं विरजण टाकतो.

एक तर तिथली सगळी 'जुनी' घरं जुनी नाहीत. मधल्या काळात तिथे काही उंच कार्यालयं घुसली होती, ती पाडून त्या जागी जुन्या धर्तीची नवी घरं भरली. दुसरं जास्त महत्त्वाचं. त्या घरांत राहतं कोण? ती बहुतेक सरकारी कार्यालयं झाली आहेत. वस्तीचा दर्शनी भाग वाचला. संध्याकाळी दिवा लावायला आत कोणी नाही. आदर्श म्हणून हे उदाहरण देताना एवढं सांगायला हवं.

घरासारखं दिसायचा अट्टहास केला की काय होतं, त्यासाठी लंडनच्या पश्चिमेचं हिलिंग्डनचं नागरी केंद्र बघा. १९७०च्या दशकातलं. उतरती कौलं, विटा, कोपरे मोडलेले, जणू उपनगरातले बंगले एकमेकांवर चढून बसलेत. आत मात्र कार्यालयांचे खोल, मोकळे मजले. काहींना ते फार प्रेमळ वाटतं. मला हत्तीने झबलं घातल्यासारखं वाटतं. (हे माझं मत. तिथे काम केलेल्यांचं वेगळं असू शकेल.)

आणि एक गैरसमज दर सभेत निघतो म्हणून इथेच लिहून ठेवतो. '१९६४च्या व्हेनिस सनदेप्रमाणे (जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं) नवीन बांधकाम वेगळं दिसलंच पाहिजे,' असं म्हणून कोणीतरी काचेचा ठोकळा पुढे करतं. सनदेतलं ते कलम जुन्या वास्तूच्या जीर्णोद्धारात जे नवं काम अपरिहार्यपणे जोडावं लागतं, त्याबद्दल आहे. शेजारच्या भूखंडावर काय बांधावं याबद्दल नाही. ऐतिहासिक गावांसाठीची सनद वेगळी, १९८७ची, आणि ती एवढंच म्हणते की परिसराशी जुळणाऱ्या आजच्या घटकांना अडवू नये. जुळणाऱ्या, हा शब्द सगळे विसरतात.

आता तुमच्या दरवाजांच्या सिद्धांताला एक अपवाद. स्पेनमधल्या मुर्सियात वास्तुविशारद राफाएल मोनेओ यांनी नगरपालिकेची वाढीव इमारत केली, १९९८ मध्ये पूर्ण झाली. समोर भलंथोरलं कॅथेड्रल, बाजूला बिशपचा वाडा. मोनेओंनी चौकाकडे मुख्य दरवाजा ठेवलाच नाही. उंच-बुटक्या खांबांची एक दगडी जाळी कॅथेड्रलकडे तोंड करून उभी केली आणि जाण्यायेण्याची वाट बाजूच्या गल्लीतून. पालिकेचा सज्जाही बिशपच्या वाड्याच्या मुख्य मजल्यापेक्षा वर चढू दिला नाही. दार नसूनही ती इमारत चौकाला पाठ दाखवत नाही. तेव्हा नुसते दरवाजे मोजून भागणार नाही.

कायमचा कारकून

मी एकतीस वर्षं अशाच इमारतींत काढली. तुम्ही मंडळी बाहेरून बघता, मी आतून सांगतो.

दरवाजा म्हणजे नुसतं भोक नव्हे. एक दरवाजा म्हणजे दोन पहारेकरी, एक तपासणी यंत्र, एक नोंदवही, आणि रजेच्या दिवशी बदली माणूस. आमच्या इमारतीला कागदावर सहा दरवाजे होते. पहिल्या वर्षी चार उघडे, तिसऱ्या वर्षी दोन, नंतर एक. बंद दारांच्या आत जुन्या कपाटांचे ढीग. वास्तुविशारदाने काढलेली दारं प्रशासन बंद करतं, आणि त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो, माणसं नसतात.

वरून सुरक्षा. १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत स्फोटकांनी भरलेला ट्रक सरकारी इमारतीच्या पदपथाला लागून उभा केला होता, १६८ माणसं गेली. तेव्हापासून जगभर सरकारी इमारत रस्त्यापासून मागे ओढायची पद्धत पडली. अमेरिकेने १९९९ मध्ये आपल्या नव्या वकिलातींसाठी शंभर फुटांचं अंतर कायद्यातच घातलं. रानात ठीक आहे. जुन्या गल्लीत शंभर फूट मागे जायचं म्हणजे समोरची घरं एका मोकळ्या पट्ट्याकडे आणि खांबांच्या रांगेकडे बघत बसणार. तिथे ना मुलं खेळू शकत, ना कोणी बसू शकत.

तरी एक सांगतो. आमच्याकडे येणाऱ्यांतले बहुतेक लोक दाखला, नक्कल, भरणा एवढ्यासाठीच यायचे. त्यांना सातव्या मजल्यावर सोडायची काही गरज नव्हती. तरी सगळे एकाच फाटकातून, एकाच रांगेत. तपासणीची रेषा इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर का असावी? ती आत घ्या. खिडक्यांवरची कामं, वाचनालय, सभागृह, कर्मचाऱ्यांच्या मुलांचं पाळणाघर हे रेषेच्या बाहेर, गल्लीच्या अंगाला. फायली, सर्व्हर, साहेब रेषेच्या आत. मग ती दारं बंद करायचं निमित्तच राहत नाही, कारण ती बंद केली तर काम थांबतं.

उंबरठा

@कायमचा कारकून, हे फार मोलाचं आहे. फिनलंडमध्ये सॅयनॅत्सालो या गावी वास्तुविशारद आल्वार आल्टोंनी १९५०च्या सुमारास एवढीशी नगरपालिका बांधली. तळमजल्याला बाहेरच्या अंगाने दुकानं आणि बँक, पालिकेचं काम वरच्या अंगणाभोवती. पालिका वाढली तर पुढे ती जागा तिला घेता यावी असा हिशेब. मी आजवर ते अंगण आणि विटा बघत बसले, दुकानांच्या त्या दारांकडे लक्षच दिलं नव्हतं.

लंबक

सगळी चर्चा जोत्याच्या वर चालली आहे, मी जरा खाली उतरतो. पाया आणि खोदाई हे माझं काम.

शेजारच्या जुन्या घराला इमारतीच्या उंचीने काही होत नाही. तळघराने होतं. दोन-तीन मजली वाहनतळ म्हणजे आठ-दहा मीटर खड्डा, आणि जुन्या घराचा पाया जेमतेम दीड-दोन मीटर. खड्ड्यात पाणी लागलं की पंप चालू होतात. पाणी फक्त तुमच्या भूखंडातलं उतरत नाही, शेजाऱ्यांच्या खालचंही उतरतं. चिकणमाती असेल तर ती पाणी गेल्यावर दबते, आणि खड्ड्याजवळची बाजू लांबच्या बाजूपेक्षा जास्त दबते. घर सरळ दोन सेंटिमीटर खचलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. एक कोपरा दोन सेंटिमीटर आणि दुसरा शून्य, हे मात्र भिंत सोसत नाही. चुन्यातलं बांधकाम सावकाश हलवलं तर बरंच सांभाळून घेतं. त्यावर मध्यंतरी कोणी सिमेंटचा गिलावा केला असेल तर तेही जातं. लाकडी खुंटांवर उभी असलेली घरं आणखी नाजूक. खुंट पाण्यात बुडालेले असेपर्यंत शतकानुशतकं टिकतात, पाणी उतरून हवा लागली की डोकी कुजायला लागतात.

उलटा प्रकारही झाला आहे. जर्मनीत कोलोन शहराचा ऐतिहासिक दप्तरखाना असलेली सार्वजनिक इमारतच ३ मार्च २००९ रोजी शेजारच्या भुयारी रेल्वेच्या खोदाईमुळे कोसळली. आत काम करणारे आणि वाचक वेळेत बाहेर पडले. शेजारच्या राहत्या घरांतले दोघे गेले.

कंपनाबद्दल. जर्मन मानकात (डीआयएन ४१५०, भाग ३) कमी वारंवारितेच्या कंपनासाठी पायाजवळची मर्यादा साध्या राहत्या घराला सेकंदाला ५ मिलिमीटर आणि जपणुकीच्या नाजूक वास्तूला ३. माणसाला याच्या दहाव्या हिश्श्याएवढं कंपनही जाणवतं. म्हणून घराला काहीही झालेलं नसताना तक्रारी सुरू होतात, आणि कंत्राटदार 'उगाच ओरडतात' म्हणून सगळ्याच तक्रारी बाजूला सारतो. मग खरी भेग पडते तेव्हा कोणाचाच कोणावर विश्वास नसतो. उपाय कंटाळवाणा आहे. पहिली कुदळ पडायच्या आधी प्रत्येक घराची, प्रत्येक खोलीची, असलेल्या भेगांसकट नोंद आणि छायाचित्रं, एक प्रत घरमालकाकडे. भेगांवर खुणा. पाण्याची पातळी मोजायला भूखंडाच्या बाहेर, गल्लीत नळ्या. पातळी किती उतरली की काम थांबवायचं तो आकडा निविदेतच. नंतर ठरवू म्हटलं की झालं कल्याण.

माजी शेजारीण

शेजारी राहिलेल्यांनी लिहा म्हणालात म्हणून. पहिल्यांदाच इथे लिहितेय.

मी अकरा वर्षं एका न्यायालयाच्या इमारतीसमोर राहिले. गल्ली जुनी, घरं जपणुकीच्या यादीत. भेग एकही पडली नाही. उंचीचंही काही वाटलं नाही. खरं तर उन्हाळ्यात दुपारी तिची सावली आमच्या दारात यायची, ती मला आवडायची. हे तुमच्या सावलीच्या नकाशात येत नाही बहुतेक.

आधी आमच्या शेजारच्या तळमजल्यावर नकला काढून देणारा आला. मग टंकलेखन, मुद्रांक. मग वकिलांची कार्यालयं. वकील जे भाडं देऊ शकतो ते कुटुंब देऊ शकत नाही. चौथ्या वर्षी कोपऱ्यावरचं किराणा दुकान बंद झालं, कारण त्याचं गिऱ्हाईक संध्याकाळी घरी येणारं होतं. सातव्या वर्षी माझ्या मुलीच्या वयाचं गल्लीत कोणी उरलं नाही. दर्शनी भाग मात्र सगळे शाबूत. यादीत खिडकीच्या चौकटीचा रंगसुद्धा ठरवून दिलेला होता. आत कोण राहावं याबद्दल अक्षर नाही.

दिवसा पाऊल ठेवायला जागा नसायची, सहा वाजता सगळं एकदम रिकामं. शनिवार-रविवारी तर माझ्या चपलांचा आवाज मला ऐकू यायचा. रात्री गच्चीवरच्या पंख्यांची घरघर. तक्रार केली तर माणूस येऊन दिवसा मोजून गेला, दिवसा रस्त्याचा आवाज जास्त, म्हणून पंखे नियमात. रात्री ये म्हटलं तर रात्रपाळी नव्हती त्याला.

आम्ही शेवटी सोडलं ते घर. आता तिथेही नोटरी बसतो.

गवाक्ष

@माजी शेजारीण, लाफायेटबद्दल मी जे चार ओळींत लिहिलं ते तुम्ही अकरा वर्षं जगलात. नियमात याला जागा करता येते. वापर बदलायची परवानगी गल्लीनुसार बांधता येते, तळमजल्याच्या किती भागात कार्यालय चालेल ते ठरवता येतं. फक्त हे वास्तुविशारदाच्या हातात नाही, नगररचना खात्याच्या हातात आहे, आणि इमारतीचा आराखडा मंजूर होताना ते दोघे एका टेबलाशी बसत नाहीत.

अमेरिकेच्या सरकारी वास्तूंसाठी १९६२ मध्ये तेव्हा कामगार खात्यात असलेल्या डॅनियल मॉयनिहन यांनी जी तत्त्वं लिहिली, त्यात ठरावीक सरकारी शैली नको हे वाक्य सगळे सांगतात. त्याच्या पुढचं तत्त्व कमी लोकांना आठवतं. जागेची निवड ही आरेखनाची पहिली पायरी मानावी, असं ते आहे. न्यायालय आलं की वकील येणार, हे जागा निवडतानाच माहीत असतं. त्यांची कार्यालयं संकुलातच का बांधू नयेत?

तिरकस

वकिलांना सरकारी छताखाली ठेवायचं? बांधकाम व्हायच्या आधीच दावा लागेल. :-)

कायमचा कारकून

हसू नका, आमच्याकडे मुद्रांकवाला आणि नकलावाला शेवटी आवारातच घेतले होते. पत्र्याची शेड होती, पण रांग गल्लीतून आत आली. आराखड्यात असती तर बरी दिसली असती एवढंच.

उंबरठा

सगळ्यांचं दोनदा वाचलं. काल पुन्हा आराखडा घेऊन बसले.

गल्लीच्या अंगाला पहिल्या नऊ मीटरचा पट्टा वेगळा काढलाय, उंची दोन मजले, घरांच्या वळचणीच्या रेषेला धरून. त्यात दाखल्यांच्या खिडक्या, वाचनालय, पाळणाघर, आणि नकला-मुद्रांकासाठी सहा गाळे. तपासणीची रेषा या पट्ट्याच्या मागे. एकशेदहा मीटरला आता अकरा दारं येताहेत. गेल यांच्या वर्गवारीत वरून दुसरा वर्ग. मुर्सियाचं उदाहरण डोक्यात ठेवून पूर्वेच्या टोकाला मुद्दाम दार दिलं नाही, तिथे समोर प्रार्थनास्थळाची भिंत आहे आणि तिला शांतता हवी. लंबक, तळघर एका मजल्यावर आणायचा प्रस्ताव दिलाय, वाहनांची संख्या कमी होईल म्हणून वरून आरडाओरडा सुरू झाला आहे. घरांच्या नोंदीचं कलम मात्र निविदेत गेलं. वापराच्या नियमाबद्दल नगररचना खात्याला पत्र लिहिलंय, अजून पोच नाही.

नकाशावरचा 'मागील बाजू' हा शब्द खोडून तिथे गल्लीचं नाव लिहिलं. जनित्राला मात्र अजून जागा सापडलेली नाही.

लंबक

गच्चीवर टाकू नका. डिझेल वर चढवावं लागतं, कंपन सगळ्या मजल्यांत उतरतं, आणि माजी शेजारीण म्हणतात तो रात्रीचा आवाज दूरवर जातो. चौकाच्या बाजूला, मुख्य दरवाजाच्या डावीकडे, उताराखाली जागा दिसतेय मला तुमच्या वर्णनावरून.

उंबरठा

साहेबांच्या गाडीची जागा आहे ती.

कायमचा कारकून

मग तीच घ्या. साहेब दर तीन वर्षांनी बदलतात.